खेकड्यांचा वाद आणि म्हातारी कासवी

फार जुनी गोष्ट. एका किनाऱ्यावरच्या खेकड्यांत मोठा वाद पेटला होता.

"समुद्र वर सरकतोय. यंदाच्या वादळांत माझं बीळ दोनदा बुडालं," एक खेकडी सांगत होती.

"काहीतरीच! समुद्र होता तिथेच आहे," तांबडा खेकडा ओरडला. "चांगले तीन पावसाळे पाहिलेत मी!"

तेवढ्यात एक प्रचंड म्हातारी कासवी अंडी घालायला पाण्यातून वर आली.

"आजी, तुम्हीच सांगा," खेकडी म्हणाली.

कासवीने वळून पाहिलं. दूर, खोल पाण्यात एक लाट फुटत होती.

"ती लाट दिसते ना? तिथल्या वाळूत माझा जन्म झाला."

खेकडे कितीतरी वेळ त्या लाटेकडे बघत राहिले. मग तांबडा खेकडा मुकाट्याने टेकाड चढला आणि नवं बीळ खणू लागला.