शिदोजीराजांचा बिनदगडी पूल

शिदोजीराजांनी भर दरबारात हुकूम सोडला, "ओढ्यावर पूल हवा! अक्षय्यतृतीयेला आमचे व्याही येतायत. पण खाणीतला दगड काढायचा नाही, विकत आणायचा नाही आणि कुणाची भिंतही पाडायची नाही."

दरबारी ठेकेदार मीच. "होऊन जाईल, महाराज," म्हणून मी मुजरा ठोकला. ठेकेदार हे आधी म्हणतो आणि घाम नंतर पुसतो.

आता दगडावर राजांचा एवढा राग का, तर त्यामागे राजकारण होतं. संस्थानात दगडाची खाण एकच. ती दिवाण हैबतरावांच्या हद्दीत की सेनापती बाजीबांच्या, यावरून दोघांचं वाजलं आणि दोघांनी खाणीला आपापलं कुलूप ठोकलं. निकाल द्यावा तर एकजण रुसणार, आणि राजांना तर दोघेही हवेत. मग राजांनी दोघांनाही पान-सुपारी दिली आणि कुलपं तशीच ठेवली. दगड इतका महागला की लोक चूलसुद्धा मातीची मांडू लागले. बांधकामं थांबली, गवंड्यांच्या थाप्या गंजल्या.

माझा धंदा मात्र जोरात होता. कारण बांधकामं थांबली तरी भूमिपूजनं थांबली नव्हती. दवाखाना, पाठशाळा, धर्मशाळा, नाटकशाळा, काय म्हणाल त्याचं पूजन व्हायचं. मी मांडव घालायचो, राजे चांदीच्या थापीनं चुना लावायचे, नारळ फुटायचा, होत्या-नव्हत्या दगडाची कोनशिला चौथऱ्यावर बसायची, पेढे वाटले जायचे. दुसऱ्या दिवशी तिथं शेळ्या चरायला यायच्या. मी बांधलेली एकुलती एक खरी भिंत माझ्याच परसातली होती, आणि ती मांजर उडी मारून बसल्यावर पडली. पण कोनशिलेवरची अक्षरं? ती मी अशी घोटून घ्यायचो की शेळ्यासुद्धा थबकून बघायच्या.

मुजरा करून निघणार तोच राजांनी पुढचं सांगितलं. पूल झाला नाही तर गवंडीआळी रिकामी करायची, तिथं पाहुण्यांचे घोडे बांधायचे. "आणि नारोबा, त्या घोड्यांची लीद तू काढायचीस."

मी थेट गवंडीआळीत गेलो. हुकमाची बातमी माझ्याआधीच पोचली होती आणि निम्म्या घरांची बोचकी बांधूनही झाली होती. काम नाही, त्यात आता घरही जाणार, म्हणून लोक परमुलखात निघाले होते. तानू पाथरवट छिन्नी-हातोडे गोणपाटात गुंडाळत होता. त्याची लेक ठकू दारात बसून माझं गाऱ्हाणं ऐकत होती. मी जरा लिदेवरच जास्त वेळ बोललो असेन, कारण ती मध्येच म्हणाली, "काका, घोडे तुमचे झाले. आमच्या घरांचं बोला."

मग तिनं विचारलं, "तुम्ही आजवर इतक्या कोनशिला बसवल्यात, त्या कशाच्या?"

"अस्सल काळ्या दगडाच्या," मी छाती फुगवून म्हणालो. "चौथऱ्यासकट!"

"खाणीतून काढायच्या आहेत का त्या? विकत घ्यायच्या आहेत? त्यांच्यामागे एखादी भिंत तरी आहे का, पाडायला?"

माझी फुगलेली छाती जागच्या जागी खाली बसली.

दुसऱ्या दिवशी बोचकी सुटली आणि गाड्या जुंपल्या. पाठशाळेच्या माळावरून, दवाखान्याच्या बाभळीखालून, नाटकशाळेच्या उकिरड्यावरून दगड निघाले. ओढा तसा अरुंद, आणि राजांची आश्वासनं भरपूर. चौथऱ्यांचे खांब झाले, शिळांचा कठडा झाला. मी तानूला हळूच सुचवलं की अक्षरांची बाजू पाण्याकडे करावी. ठकूनं ते ऐकलं. "राजाचं नाव बेडकांना वाचायला ठेवायचं होय?" म्हणाली, आणि सगळी अक्षरं वाटेकडे वळवून घेतली.

अक्षय्यतृतीयेला व्याहीराजे आले. पुलावर पालखी थांबवून खाली उतरले आणि कठडा वाचू लागले. 'श्रीमंत शिदोजीराजे यांच्या शुभहस्ते दवाखाना.' पुढे पाठशाळा. त्यापुढे धर्मशाळा. शिदोजीराजांच्या कपाळावर घाम आला. दिवाण आभाळाकडे बघू लागले, सेनापती चपलेकडे. मी कुणाच्या तरी छत्रीमागे गेलो.

व्याही नाटकशाळेपाशी थबकले. "राजे, एका पुलावर इतक्या इमारती? त्या आहेत तरी कुठं?"

राजे माझ्याकडे वळले. मी छत्रीवाल्याकडे वळलो. तेवढ्यात ठकू पुढे आली, वाकून नमस्कार केला.

"सरकार, आमच्या राजांची रीतच तशी आहे. त्यांनी दिलेला शब्द लपवायचा नाही, वेशीवरच लावायचा. येणाऱ्यानं येताना वाचावं आणि पुढच्या अक्षय्यतृतीयेला येऊन एकेक मोजून घ्यावं."

व्याह्यांनी मिशीवरून हात फिरवला. "वा! असा राजा नाही पाहिला. मग पुढच्या वर्षी येतोच मोजायला. मुक्काम धर्मशाळेत, आणि संध्याकाळी नाटक!"

शिदोजीराजांनी एकदा कठड्याकडे पाहिलं, एकदा ठकूकडे. मग ते जे हसायला लागले, ते पालखीचा दांडा धरूनच थांबले.

"पोरी, पूल मी मागितला आणि कठड्यावरचं सगळं गाव तू माझ्या गळ्यात घातलंस! बरं, बांधतो. पण दगड कुठून आणू? आता कोनशिलाही संपल्या."

"दोन कुलपं आहेत, महाराज. किल्ल्या इथंच उभ्या आहेत."

पाहुण्यांसमोर कोण रुसणार? हैबतरावांनी कनवटीची किल्ली काढली, बाजीबांनी कमरेची. राजांनी दोन्ही ठकूच्या ओंजळीत टाकल्या आणि खाणीची राखण गवंडीआळीकडे दिली. वर सोन्याचं कडंही दिलं.

माझ्यासाठीही बक्षीस निघालं. राजांनी ती चांदीची थापी मागवली, माझ्या हातात दिली आणि हसत म्हणाले, "नारोबा, आता हिनं खरोखरच चुना लाव. तानूच्या हाताखाली!"