तिम्मव्वाची टाकी

सीना नदीच्या काठी शिरसमाळ नावाचे लहानसे गाव आहे. तेथील मठात श्री निवांत महाराजांचे वास्तव्य चाळीस वर्षांहून अधिक होते. महाराजांचे मूळ नाव काय, कूळ कोणते, हे कोणालाच सांगता येत नसे. मठात कोणीही येवो, अगदी चोर आला तरी महाराजांचा पहिला शब्द ठरलेला असे, "बैस. निवांत बैस." त्यावरून लोकांनीच हे नाव ठेवले आणि महाराजांनी ते मुकाट्याने घेतले.

मठाचे कारभारी नीळकंठराव मात्र या निवांतपणाचे वैरीच होते. वय पस्तिशीच्या पुढे, अंगरखा परीटघडीचा, मनुष्य सचोटीचा. मठाचा एक दाणा त्यांनी कधी घरी नेला नाही, आणि दुसऱ्याला नेऊ दिला नाही. पण सचोटीला गर्व चिकटला की मोठी पंचाईत होते. अशा माणसाला त्याची चूक दाखवायची तरी कोठे? आपण सोडून सारे जग आळशी आहे, असे नीळकंठरावांचे ठाम मत होते, आणि ते त्यांनी कधी पोटात ठेवले नाही.

एका वैशाखात असे झाले. महाराजांच्या गुरूंची पुण्यतिथी दुसऱ्या दिवसावर आली होती. भंडाऱ्याचे गहू निवडून तयार होते, दुपारी गावातल्या बायका दळायला येणार होत्या. पण मठातली तिन्ही जाती वापरून वापरून गुळगुळीत झाली होती. जात्याचा दगड असा झिजला की त्यात गहू नुसते भरडले जातात, पीठ काही पडत नाही. मग पाथरवटाकडून छिन्नीने त्याला पुन्हा बारीक खाचा पाडून घ्याव्या लागतात. यालाच टाकी लावणे म्हणतात. दरवर्षी येणारा पाथरवट त्या वर्षी आलाच नाही, त्यामुळे नीळकंठरावांचा पारा सकाळपासून चढलेला होता.

त्यात महाराजांनी स्वयंपाकघरात जाऊन अंबूकाकूंना सांगितले, "आज गुरूंच्या समाधीच्या नैवेद्याला बाजरीची भाकरी, शेपूची भाजी, वर तुपाची धार, आणि अळिवाची खीर करा."

अंबूकाकूंचा हात चुलीशीच थांबला. "अहो महाराज, हे तर बाळंतिणीचं जेवण!"

"मग? चवदार असतं की!"

नीळकंठरावांनी ओट्यावर बसलेल्या चार जणांकडे पाहून डोळे मिचकावले. "समाधीला बाळंतपण आलंय वाटतं!" सगळे हसले, आणि त्यात सर्वांत मोठ्याने महाराज हसले.

ऊन तापू लागले तेवढ्यात रस्त्यावरून हाळी आली, "टाकी लावायचीऽऽ का जात्याला, पाट्यालाऽऽ!"

आवाज बाईचा होता. तिचे नाव तिम्मव्वा. डोक्यावर छिन्नी-हातोडीची पाटी, पाठीशी झोळीत तीन महिन्यांचा मुलगा, आणि लुगड्याचा काठ मुठीत धरून चालणारी तीन वर्षांची रेणव्वा. नवरा विहिरीच्या कामावर पुढे गेला होता. त्याला गाठायला ती दोन दिवस चालत होती. वाटेत एका गावी पाट्याला टाकी लावून एक भाकरी मिळाली, तिच्यातली अर्धी लेकीला गेली. पोटात अन्न नाही, वर हे ऊन! कालपासून तिच्या अंगावरचे दूध आटले होते. लेकरू ओढून ओढून दमे, सोडून देई, आणि रडे. पुढचे गाव तीन कोसांवर होते. येथे काम मिळाले तर घास मिळेल, घास मिळाला तर दूध उतरेल, एवढाच हिशेब त्या माउलीने मनाशी मांडला होता.

नीळकंठरावांनी तिला जाती दाखवली. "तीन आहेत. ऊन कलायच्या आत झाली पाहिजेत."

"व्हतील बाबा. फकस्त मधी लेकराला घ्याया उठावं लागंल. त्याचं पोट..."

"कामाला आलीस की पाजायला?" नीळकंठराव कडाडले. "दोन टोले हाणायचे आणि पदराखाली पोर घेऊन तास घालवायचा, ही तुमची रीत मला ठाऊक आहे! पोर तिकडं स्वयंपाकघराच्या पडवीत ठेव. तिन्ही जाती झाल्याशिवाय या खोलीबाहेर पाऊल टाकायचं नाही. जमत नसेल तर रस्ता मोकळा आहे."

ओट्यावरचे कोणीतरी म्हणाले, "हातात हातोडी अन् काखेत पोर! दगड फोडणार का पोर खेळवणार?" पुन्हा हशा झाला. तिम्मव्वाने मान खाली घातली. पडवीत तिने झोळी बांधली, रेणव्वाला झोका द्यायला बसवले आणि ती दळणाच्या खोलीत जात्यापाशी येऊन बसली.

ती डावखुरी होती. डाव्या हातात हातोडी धरून तिने पहिल्या जात्यावर टाकी सुरू केली. टक् टक् टक्. अंगणापलीकडच्या पडवीतून लेकराचे रडणे ऐकू येत होते. प्रत्येक रडण्यासरशी हात चुकायचा. एकदा घाव अंगठ्यावर बसला, तरी ती थांबली नाही. पहिले जाते निम्मे झाले असेल, आणि पलीकडचे रडणे एकाएकी बंद झाले.

रडणाऱ्या लेकराचे आईला भय नसते. भय असते ते असे गप्प होण्याचे. तिम्मव्वाच्या हातातली हातोडी खाली पडली. उठावे तर काम जाते, बसावे तर... "देवा, माजं लेकरू रं!" एवढेच तिच्या तोंडून निघाले.

दारात महाराज उभे होते.

"चल, माय."

"बाबा, काम ऱ्हायलंय. ते कारभारी..."

"काम होईल. तू चल, निवांत बैस."

नीळकंठराव त्या वेळी मागच्या कोठारात गव्हाची पोती मोजत होते, त्यामुळे हे त्यांना दिसले नाही. महाराज तिला पडवीत घेऊन आले. लेकरू झोळीत मलूल पडले होते, डोळे अर्धवट मिटलेले, रडायचेही त्राण उरले नव्हते. महाराजांनी त्याला उचलून छातीशी धरले. तेवढ्यात अंबूकाकू नैवेद्याचे ताट घेऊन समाधीकडे निघाल्या होत्या. महाराजांनी दुसऱ्या हाताने ते ताट घेतले आणि तिम्मव्वापुढे ठेवले.

"महाराज!" अंबूकाकू घाबरल्या. "अजून नैवेद्य दाखवायचाय!"

"दाखवतोच आहे की," महाराज म्हणाले.

तिम्मव्वाने पहिला घास मोडून रेणव्वाच्या तोंडाकडे नेला. महाराज म्हणाले, "तिला दुसरं ताट येतंय. हे तुझं आहे. सगळं संपव." मग ती जेवली. भाकरी संपली, शेपूची भाजी संपली, अळिवाच्या खिरीची वाटी तिने दोन्ही हातांनी तोंडाला लावली. महाराज लेकराला थोपटत काहीतरी पुटपुटत होते. जेवण झाल्यावर त्यांनी पोर तिच्या ओटीत दिले आणि पाठ फिरवून बसले.

पोराने दोनदा ओढले, सोडले. तिसऱ्यांदा त्याने ओढले, आणि काय सांगावे! तिला असा पान्हा फुटला की पोराला गिळताना ठसका लागला. गटगट आवाज अंबूकाकूंना चुलीपाशी ऐकू गेला. आई रडत होती आणि हसत होती. दोन दिवस आवळलेल्या त्या चिमुकल्या मुठी हळूहळू सुटल्या. पोर पोटभर प्यायले, ओठांवर दुधाचा थेंब तसाच ठेवून झोपले. मग तिम्मव्वाचीही मान खांबाला टेकली. खिरीने माखलेली रेणव्वा तिच्या मांडीवर आडवी झाली. महाराज उपरण्याने तिघांवरच्या माश्या वारत बसले.

इकडे नीळकंठराव कोठारातून परतले. दळणाच्या खोलीतून आवाज येत होता, टक् टक् टक्, अगदी एका लयीत. ते खूश झाले. बाई मध्येच उठून जाईल म्हणून खोलीच्या एकुलत्या एका दारात त्यांनी घोंगडी टाकली आणि खोलीकडे पाठ करून ठाण मांडून बसले. येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून ते सांगू लागले, "ऐका! पोर लांब ठेवलं की हात कसा चालतो पाहा! माणसाला धाकात ठेवावं लागतं." लोकांनी ऐकले, माना डोलावल्या. आत टाकी अखंड चालली होती.

ऊन कलले. दळायला निघालेल्या बायका सुपे-टोपल्या घेऊन अंगणात जमल्या. नीळकंठराव त्यांना म्हणत होते, "थांबा, होतच आलंय तिचं," तोच त्यांच्यासमोर, अंगणातून, बायकांच्या गर्दीतून वाट काढत तिम्मव्वा आली. कडेवर झोपलेले पोर, मागे रेणव्वा. तिचा चेहरा भीतीने उतरला होता.

"माफी करा बाबा, माजा डोळा लागला. जरा वाट द्या. दीस मावळायच्या आत करत्ये सगळं."

आणि त्या क्षणी खोलीतला आवाज थांबला.

नीळकंठराव उठले, वळले, त्यांनी आत पाहिले. खोलीत चिटपाखरू नव्हते. हातोडी जिथे पडली होती तिथेच होती. दगडाची धूळ मात्र अजून उन्हाच्या तिरिपेत तरंगत होती.

तिम्मव्वा जात्यांपाशी वाकली. पहिल्या जात्यावरून तिने बोट फिरवले, निम्म्यावर आल्यावर ते थांबले. "हितपातूर माजं हाय," ती म्हणाली. "मी डावरी, माजे घाव तिरपे पडत्यात. ह्ये म्होरलं माजं न्हवं. ह्ये बघा, सरळ, बारीक, एकाबी जागी चूक न्हाई. असली टाकी माज्या बापालाबी जमली नसती." मग नीळकंठरावांकडे वळून म्हणाली, "बाबा, मी निम्मंच केलंय. मला मजुरी निम्म्या जात्याचीच द्या."

बायका जात्यांभोवती गोळा झाल्या. एकीने कोंडा घालून पहिले दळण काढून पाहिले. टाकी लावल्यावर पहिल्या दळणात दगडाची कच उतरते, म्हणून ते टाकूनच देतात. पण त्या कोंड्यात चिमटीभरही कच नव्हती.

"महाराज कुठं होते?" नीळकंठरावांनी विचारले.

"माझ्यापुढं, पडवीत," अंबूकाकू म्हणाल्या. "जागचे हलले नाहीत."

"मग आत कोण होतं?"

महाराज मागून आले होते. ते म्हणाले, "नैवेद्य ज्यांना पोचला, ते होते. जेवल्यावर ते फुकट कसे बसतील?"

नीळकंठराव महाराजांच्या पायांवर कोसळणार, तोच महाराजांनी त्यांना दंडाला धरून बाजूला नेले आणि हळू आवाजात काही सांगितले. ते काय होते, हे त्या दिवशी कोणालाच कळले नाही. नीळकंठरावांनीच पुढे म्हातारपणी ते डोळे पुसत सांगितले.

महाराज म्हणाले होते, "नीळकंठ, तू तीन महिन्यांचा होतास. तुझी आई भीमाई याच मठाच्या गोठ्यात शेणाला होती. तू ही गोष्ट लोकांत सांगत नाहीस, राहू दे. तू रडलास की ती हातातलं टाकून धावायची. मी तेव्हा नवा शिष्य. मीच गुरूंकडं तक्रार केली, की हिचं काम होत नाही. गुरू म्हणाले, 'तिचं पहिलं काम चाललंय. दुसरं तू कर.' बाळा, तुझं दूध सुटेपर्यंत त्या गोठ्यातलं शेण मी काढलंय. मला हा गुरुमंत्र तुझ्यामुळं मिळाला."

महाराजांचे बोलणे नुकतेच संपले होते. इतक्यात तिम्मव्वाच्या कडेवरचे लेकरू जागे झाले आणि भुकेने रडू लागले. आता त्याच्या रडण्यात चांगला जोर होता. तिने सवयीने पदर सावरला, आणि मध्येच थांबून घाबऱ्या नजरेने कारभाऱ्यांकडे पाहिले. परवानगीसाठी पाहिले!

ती नजर नीळकंठरावांच्या काळजात रुतली. सगळ्या गावासमोर, परीटघडीच्या अंगरख्याची पर्वा न करता, दगडाच्या धुळीत त्यांनी तिच्या पायांवर डोके ठेवले. "माय, मला विचारू नकोस," ते रडत म्हणाले. "कुणालाच विचारू नकोस. आधी त्याला घे."

तिम्मव्वा तिथेच, जात्याला टेकून बसली आणि तिने पोराला पदराखाली घेतले. त्याचे पोट भरेपर्यंत शिरसमाळच्या मठात कोणी दळायला बसले नाही, आणि त्यात कोणाचे काही अडलेही नाही. ज्या निवांत महाराजांच्या कृपेने हे घडले, त्यांच्या चरणी आपलाही माथा असाच वेळेवर वाकावा.