चंद्राक्कानं आखलेली वाट

मुंग्या एका रांगेत चालायला शिकल्या, त्याच्याही आधीची ही गोष्ट. उसाच्या बांधात त्यांचं वारूळ होतं आणि दुपारी पाटाचं पाणी सुटणार होतं. त्याआधी सगळी अंडी चिंचेच्या बुंध्याशी न्यायची होती. वाट आखायचं काम चंद्राक्काकडं आलं, कारण सगळं रान तिला पाठ होतं. आणि ते पाठ आहे हे जगाला कळावं, अशी तिची फार हौस होती.

पोट जमिनीला टेकवून ती वासाची रेघ ओढत निघाली. दहा पावलांवर तिनं एक फाटा काढला, गुळाच्या खड्याकडं. पुढं दुसरा, मेलेल्या नाकतोड्याकडं. तिसरा मावशीच्या वारुळाकडं.

"अगं बाई, सरळ जा की!" मागून म्हातारी ठकूबाई ओरडली.

"सरळ काय, कुणीही जाईल. मला किती ठाऊक आहे ते कळायला नको?"

चिंचेखाली पोचून चंद्राक्का ऐटीत बसली. मुंग्या निघाल्या खऱ्या, पण गुळापाशी अंडं जरा खाली ठेवलं, तर तिथून दुसरी रेघ निघालेली, तिच्यावरून तिसरी. कुठं निघालो होतो तेच विसरून त्या रानभर हिंडल्या. हसू नका, तुम्ही तरी काय वेगळं करता!

पाणी वेळेवर आलं. चिंचेशी पोचली ती एकटी ठकूबाई, भिजलेली, तोंडात एकच अंडं.

"बाकीच्या कुठं गं?" चंद्राक्कानं घाबरून विचारलं.

ठकूबाईनं अंडं हळूच खाली ठेवलं.

"वाहून जाताना दिसल्या. तुझंच कौतुक चाललं होतं. म्हणत होत्या, चंद्राक्काला किती ठाऊक आहे!"