दरडोई

“म्हणजे बाबा, केंद्र बंद झालं तरी पोरं उपाशी राहणार नाहीत, एवढं तरी तुम्हाला पटतं ना?”

निरंजन गावंडे पुन्हा तेच विचारत होता.

अच्युतबाबा डाळ निवडत होते. त्यांनी एक खडा उचलून बाजूला ठेवला.

मेळघाटातल्या मोहाढाणा गावाच्या कडेला महानुभावांचा लहानसा आश्रम होता. त्याच्या पडवीत गावातल्या बाया आळीपाळीनं कुपोषित पोरांसाठी रांधत. पोरं दिवसभर तिथंच असत. थोडं थोडं, पण पुन्हा पुन्हा खात. कागदोपत्री त्याचं नाव आहार केंद्र. गावात त्याला नुसतं चूल म्हणत.

या चुलीचा खर्च तपासायला निरंजन जिल्ह्याहून आला होता. लहानपणी तो याच आश्रमात बाबांच्या हाताखाली शिकलेला. गणितात हुशार. पाण्याच्या बाटल्या, छत्री आणि निष्कर्ष हे सगळं त्यानं निघतानाच गाडीत ठेवलं होतं. राहिला होता फक्त बाबांचा होकार. बाबा हो म्हणाले की गाव बोलत नाही, हे कचेरीला माहीत होतं. म्हणून तर शिष्याला पाठवलं होतं.

“पाकिटं येतील, बाबा. पौष्टिक पूड. पाण्यात कालवायची आणि भरवायची. याच पैशात आणखी दोन गावं निघतात. तिथंही पोरं आहेत.”

“आहेत.” बाबांनी मान हलवली. “पाणी पाकिटातच असतं?”

“ते घरचं.”

“हं…”

“इथला दरडोई खर्चच फार येतो, बाबा.”

“कुणाची डोई?”

निरंजन हसला. बाबांचं वय झालं, असं त्याला वाटलं असावं.

“दरडोई म्हणजे प्रत्येक मुलामागे.”

“मुलामागे कोण आहे?”

निरंजननं वळून पाहिलं. दारात सुखमनी उभी होती. आज चुलीची पाळी तिची. कडेवर रुनी, तिची धाकटी. दंडाला धरून उचलायची भीती वाटावी अशी काटकुळी.

“या सुखमनीचं काय धरलंस?” बाबांनी विचारलं.

“हिचा खर्च कुठे आहे? तो लोकसहभाग.”

त्यानं कागद पुढे केला. लोकसहभागाच्या पुढे एकच शब्द होता. निरंक.

निरंक हा कचेरीतला मोठा सोयीचा शब्द. काहीच लिहायचं नसतं तेव्हा काहीतरी लिहिल्याचं समाधान तो देतो.

“ही इथं रांधते त्या दिवशी तिची मजुरी बुडते,” बाबा म्हणाले. “पाणी आणते. लाकूड आणते. त्याचं निरंक?”

“ते धरलं तर आकडा आणखी वाढेल!” निरंजनचा आवाज चढला. “मग पाकिटं यायच्या आधीच, उद्याच केंद्र बंद. बाबा, मी तुमच्याच भल्यासाठी धरलं नाही.”

…

बाबांनी सूप खाली ठेवलं.

“बाबा, हांडा रिकामा हाये,” सुखमनी मधेच म्हणाली. “पानी आनाले जातो मी.”

“तू पोरीला भरव. हा जाईल.”

“साहेब?”

बाबा उठले. सुखमनीच्या डोक्यावर जुन्या लुगड्याच्या चिंधीची चुंबळ होती. हांडा घसरू नये म्हणून बाया ठेवतात ती. बाबांनी ती उचलली आणि निरंजनच्या नीट विंचरलेल्या केसांवर ठेवली.

“बाबा, गाडीत बाटल्या आहेत.”

“एवढ्या पोरांच्या खिचडीला पुरतील?”

“ड्रायव्हरला सांगतो.”

“त्याची डोई वेगळी.”

…

नाला उताराच्या पायथ्याशी होता. उतरताना निरंजन झपझप गेला. रिकाम्या हांड्याला वजन नसतं.

वर आला तेव्हा त्याचा सदरा अंगाला चिकटला होता, दोन्ही हात हांड्याला होते आणि मान अशी ताठ होती की मंत्र्यालासुद्धा त्यानं नमस्कार केला नसता.

सुखमनीनं हांड्यात डोकावून पाहिलं.

“अर्धा हांडा त साहेबाच्या बुटायनंच पेला!”

पडवीतली पोरं खिदळली. रुनीही हसली. तेवढं तोंड उघडलेलं पाहून सुखमनीनं पेजेचा चमचा आत सारला.

निरंजन ओट्यावर बसला. त्यानं कागद घेतला. ओल्या बोटांनी निरंक खोडलं. मजुरी धरली. पाणी धरलं. लाकूड धरलं. बेरीज केली, पुन्हा एकदा करून पाहिली.

“बाबा, हे वरच्या बैठकीत मंजूर व्हायचं नाही.”

“मग?”

“मग केंद्र बंद. खोटं चालत होतं. खरं चालणार नाही.”

“चूल आमची आहे. ती कागदावर पेटत नाही, कागदावर विझायचीही नाही.” बाबांचा आवाज चढला नव्हता. “पोर जगवायला एवढं लागतं. ज्याला ते परवडत नसेल त्यानं इथं यावं, हिच्यासमोर उभं राहावं आणि परवडत नाही म्हणावं. मी आडवा येणार नाही. पण हिला निरंक म्हणू देणार नाही.”

“आणि ती दुसरी दोन गावं? तिथल्या पोरांचं काय?”

“त्यांच्यासाठीही माग.”

“एवढं?”

“एवढंच.”

…

“साहेब, माही चुंबळ द्या,” सुखमनी म्हणाली. “अजून एक खेप आनाची हाये. तुमच्या पान्यात डाळ बी शिजाची नाई.”

निरंजनचा हात डोक्याकडे गेला. चुंबळ तिथंच आहे, हे तो विसरला होता.

बाबांनी खांद्यावरचं काळसर उपरणं काढलं. पीळ घातला, गोल वळवलं आणि सुखमनीपुढे धरलं.

“बाबा, तुमचं कापड…”

“जा. पोरं खोळंबलीत.”

ती हांडा घेऊन उताराला लागली.

खाली गाडीचा हॉर्न वाजला. निरंजननं कागदाची घडी घालून खिशात ठेवली. बाबांनी हो म्हटलं नव्हतं, आणि त्यानंही पुन्हा विचारलं नाही.

“दंडवत, बाबा.”

वाकण्याआधी त्यानं डोक्यावरची चुंबळ काढायला हात वर नेला.

“राहू दे,” बाबा म्हणाले. “बैठकीतही काढू नकोस.”