नलूमावशीची पेटी

"मॅन्युअल नाही, सर्किटचा नकाशा नाही... मग चूक शोधायची तरी कुठं, चाचा?"

दस्तगीरचाचांनी बशीत चहा ओतला.

मिरजेत सतारी करणाऱ्यांच्या गल्लीत त्यांचं छोटं दुकान होतं. उभा जन्म टेलिफोन खात्यात गेलेला. आता म्हातारपणी जुने फोन आणि रेडिओ दुरुस्त करायचे. विचारणारी ऋजुता पुण्याची. टेलिकॉम इंजिनिअर, सुवर्णपदकवाली. ते तिनं आल्याआल्या सांगितलंही होतं.

दोघांच्या मधे टेबलावर एक करडी पेटी होती. वर रबराच्या दोन वाट्या, पुढं कळफलक, लहानसा पडदा. फोनचा रिसीव्हर त्या वाट्यांत उपडा ठेवायचा आणि टाइप करायचं. पेटी अक्षरांची शीळ करायची, शीळ फोनमधून दुसऱ्या गावी जायची, आणि तिथली तसलीच पेटी त्या शिळेची पुन्हा अक्षरं करायची.

"कुणाची ही?" चाचांनी विचारलं.

"माझ्या मावशीची. नलूमावशी. लहानपणी तापात तिचे कान गेले. तिची मैत्रीण इंदू धारवाडला असते, तीही बहिरी. शाळेत दोघी एका बाकावर बसायच्या. इंदूमावशीच्या भावानं परदेशातून अशा दोन पेट्या आणल्या. पस्तीस वर्षं या दोघी यावर बोलल्या. रोज संध्याकाळी."

"आता मोबाईल हाय की."

"इंदूमावशीला ती बारीक अक्षरं दिसत नाहीत. आणि आमची मावशी म्हणते, मोबाईलवर निरोप देतात, गप्पा मारत नाहीत."

चाचा हसले.

"ही बंद पडली तेव्हा मीच तिला म्हटलं, मी करून देते. सहा महिने झाले... बिघडलेला एकेक भाग बदलला. शीळ मोजून लावली. इंदूमावशीच्या सुनेला सांगून दर रविवारी पुण्याहून धारवाडला जोडून बघते, आणि येतं ते हे."

तिनं मोबाईलमधला फोटो दाखवला. पेटीच्या पडद्यावर नुसता अक्षरांचा भुगा.

चाचांनी पेटी उघडली. भिंग लावून सोल्डरचा एकेक टाका बघितला. बराच वेळ.

"काम चोख हाय तुझं. हात चांगला हाय."

ऋजुताचा चेहरा खुलला. "मग चूक कुठं आहे?"

"मला तर दिसत नाही."

चाचांनी पेटीचं झाकण पुन्हा बसवलं.

"मावशीला विचारलंस?"

ऋजुताला हसू आलं. "तिला काय विचारायचं, चाचा? तिनं या पेटीचा आवाज जन्मात ऐकलेला नाही."

चाचांनी भिंग खाली ठेवलं.

"राहते कुठं?"

"सांगलीला."

"मग उद्या घेऊन ये."

"अहो, मी तिला चालू करूनच दाखवणार होते..."

"उद्या घेऊन ये, पोरी."

दुसऱ्या दिवशी दुपारी नलूमावशी आल्या. वय शहात्तर. इस्त्रीची सुती साडी, खांद्यावर शाल. चाचांना नमस्कार केला आणि पेटी दिसताच तिच्यावरून हात फिरवला, मांजराच्या पाठीवरून फिरवावा तसा.

ऋजुतानं चाचांच्या जुन्या फोनवरून धारवाड जोडलं. फोन आला की इंदूच्या घरात दिवा लागायचा. रिसीव्हर वाट्यांत बसवला. मावशींनी टाइप केलं.

पडद्यावर उत्तर आलं. भुगा.

"बघा..." ऋजुताचा आवाज पडला. मावशीकडे बघायचं तिनं टाळलं.

मावशींनी मात्र वर छताकडे बघितलं.

उठल्या. पंखा बंद केला.

मग खिडकीशी गेल्या. समोरच्या दुकानात कुणीतरी सतार जुळवत होतं. त्यांनी खिडकी लावून घेतली. परत येऊन खांद्यावरची शाल काढली, दुमडली, आणि पाळण्यातल्या बाळाला दुपटं खोचावं तशी रिसीव्हरभोवती नीट खोचली. वरून तळहातानं हलकेच दाबली.

आणि पुन्हा टाइप केलं.

क्षणभर काही नाही...

मग अक्षरं उमटली. इंग्रजी लिपीतली, पण अस्सल मराठी.

"मेले, जिवंत आहेस होय?"

नलूमावशी हसल्या. आपलं हसणं किती मोठं आहे हे त्यांना माहीत नव्हतं. बंद खिडकीपलीकडची सतार थांबली.

त्यांची बोटं पळू लागली. "भाचीनं दुरुस्त केली. फार हुशार आहे."

धारवाडहून लगेच आलं, "मग सहा महिने का लागले?"

ऋजुता हसली आणि तिचे डोळे भरून आले. पुण्यात तिचं टेबल बरोबर पंख्याखाली होतं. सहा महिने पंखा डोक्यावर फिरत होता, सवयीनं त्याचा आवाज तिला जाणवतही नव्हता, आणि ती आतले भाग बदलत बसली होती.

तिनं मावशीच्या खांद्याला हात लावला. वर पंख्याकडे बोट केलं. कसं कळलं तुला?

मावशींनी हवेत बोट गरगर फिरवलं. मग मुठीतली अक्षरं टेबलावर सांडावीत तशी पाचही बोटं पसरली. यात विचारण्यासारखं काय आहे, अशा नजरेनं भाचीकडे बघितलं, आणि पुन्हा इंदूकडे वळल्या.

"वाट्यांत खोलीतला आवाज जात होता," ऋजुता पुटपुटली. "पंख्याचा... चाचा, तुम्हाला माहीत होतं?"

"नाही."

"चाळीस वर्षं तुम्ही फोनची कामं केलीत. तुम्हालाही कळलं नाही?"

चाचा नलूमावशींच्या पळणाऱ्या बोटांकडे बघत होते.

"मला कसं कळणार, पोरी? मला तर ऐकू येतं."