साताचं दान

फार वर्षांपूर्वी, मोरखार गावात कौल लावायला हाडाचे फासे होते, तेव्हाची ही गोष्ट. गाव खाडीच्या काठाला, आणि भाताची सगळी शेतं एका मातीच्या बांधाच्या आड. बांधाला पाण्याचं एक दार होतं. त्याला उघाडी म्हणत. ओहोटीला फळी उचलली की शेतातलं पाणी बाहेर जाई, भरतीला फळी पाडली की खारं पाणी बाहेरच राही.

पण श्रावणी अमावास्येच्या भर दुपारी मोठं उधाण येई. त्या दिवशी नुसती फळी पुरत नसे. एका माणसानं उघाडीत उतरून ती अंगानं रेटून धरावी लागे. फळी सुटली तर गावाचं भात गेलं. माणूस सुटला तर माणूस गेला.

कोणी उतरायचं हे देवी ठरवी. गावात अकरा घरं होती, आणि देवळाच्या अंगणात अकरा दगड गोल मांडलेले. प्रत्येक घराचा आकडा बांधलेला. पहिल्याचा दोन, पुढच्याचा तीन, असं करत शेवटच्याचा बारा. गुरव दोन फासे टाकी. ठिपक्यांची बेरीज ज्या घराची, त्या घरचा पुरुष उतरे. अकरा आकडे, अकरा घरं. याहून सरळ न्याय तो कोणता, असं सगळ्यांना वाटे.

तरीही साताच्या घरात पुरुष टिकत नसत. सात पडे आणि पुन्हा सात पडे. त्या घरानं नवस केले, उपास केले, कुठला पूर्वज काय पाप करून गेला ते शोधून शोधून माणसं थकली. त्या घरात कोणी मुलगी देत नसे. आणि दोनाच्या घरातलं कोणी उतरल्याचं गावात कोणाला आठवत नव्हतं. त्या घरचा कर्ता धाकू मिशीवर बोट फिरवून म्हणे, "देवी आम्हांला जावयासारखं ठेवते. पाण्यात पाय घालू देत नाही."

याच गावाच्या वेशीवर आवडू कातारीण राहायची. पोळपाट-लाटणी करायची, पोरांसाठी लाकडी बैल करायची. ती बाहेरून आलेली, म्हणून अकरा घरांत तिचं घर नव्हतं. पण तिच्या लेकीनं, शेवंतीनं, हट्ट धरून साताच्या घरच्या लक्ष्याशीच लग्न लावलं होतं. त्या घरात आता लक्ष्या एवढा एकच पुरुष उरला होता.

एका वर्षी देवळातले हाडाचे फासे उंदरांनी कुरतडले. गुरवानं आवडूला नवे करायला सांगितलं. त्या दिवशी तिच्या हाताशी पांढरं लाकूड एकाच फाशापुरतं निघालं, म्हणून दुसरा तिनं लाल खैराचा केला.

आवडू कामाला फार काटेकोर. फासा खोटा नाही ना, हे पाहायला तिनं लाल फासा पुन्हा पुन्हा टाकला. सहाही बाजू सारख्याच पडत होत्या. पांढराही तसाच. मग तिनं दोन्ही मिळून टाकले. सात आले. पुढं पाच आले, आठ आले, आणि परत सात. दिवसभर टाकले, तरी सगळ्यांत जास्त वेळा सातच. तिच्या अंगावर सरसरून काटा आला. देवीचा राग आपल्या हातात उतरला, असं तिला वाटलं. तिनं ते फासे चुलीत घातले आणि आणखी पांढरं लाकूड आणून तसेच दुसरे कोरले. एखादी बाजू जड असेल म्हणून मिठाच्या पाण्यात तरंगवून पाहिले. फासे निर्दोष होते, आणि सात येतच राहिला.

आणि मग तिला रंग दिसला. लाल तीन, पांढरा चार. थोड्या वेळानं लाल चार, पांढरा तीन. हाडाचे जुने फासे एकसारखे दिसायचे, म्हणून ही दोन वेगळी दानं आहेत हे इतक्या पिढ्यांत कोणालाच कळलं नव्हतं.

असं म्हणतात, की त्यानंतर अमावास्येपर्यंत तिची पटाशी थांबली नाही, आणि लाकडाचा भुसा तिच्या घराच्या वळचणीला टेकला.

अमावास्येला गाव अंगणात जमलं. आवडू पाटी डोक्यावर घेऊन आली. "रामा गुरव, हात आवर जरा," ती म्हणाली, आणि दगडांपुढं फाशांच्या जोड्या मांडत निघाली. प्रत्येक जोडीत एक लाल, एक पांढरा. दोनाच्या दगडापुढं एकच जोडी, एक आणि एक. तिनाच्या पुढं दोन. मग तीन, मग चार. साताच्या दगडापुढं सहा जोड्या झाल्या आणि तिथून पुन्हा उतरत बाराच्या पुढं एकच राहिली.

"पडू शकतात तेवढी सगळी दानं ही," ती म्हणाली. "यांच्याबाहेर एक नाही."

धाकू हसला. "कातारणी, तीन-चार आणि चार-तीन एकच की गो! ढीग वाढवतेस होय?"

"धाकूबा, हा लाल तुमच्या हातात घ्या. पांढरा माझ्याकडे. तुम्ही तीन ठेवा, मी चार ठेवते. झाले सात? आता तुम्ही चार ठेवा."

धाकूनं फासा फिरवला. तिनंही फिरवला.

"आता दोन करून दाखवा. किती तऱ्हेनं होतात?"

धाकूनं एक ठेवला. तिनं एक ठेवला. धाकू फासा फिरवायला गेला आणि त्याचा हात तिथंच थांबला. फिरवायला काही उरलंच नव्हतं. त्याच्या तोंडावरचं हसू विझलं ते सगळ्यांनी पाहिलं.

साताच्या दगडामागून लक्ष्याची आई काशी उठली. "म्हणजे देवीचा आमच्यावर राग नव्हता?"

"नव्हता गो."

"मग माझा नवरा कशानं गेला? माझे दीर?"

गुरवानं हातातले फासे खाली ठेवले. असं म्हणतात, की तेव्हा देवळाची घंटा वाऱ्याशिवाय हलली, पण तिच्यातून आवाज फुटला नाही.

एवढ्यात बांधावरून हाक आली. पाणी चढत होतं. धाकू उठला. त्यानं साताच्या सहाही जोड्या ओंजळीत भरून आपल्या दगडापुढं नेल्या आणि आपली एकुलती जोडी काशीच्या पुढं ठेवली. "सात आज माझ्या घरी. गुरवा, टाक."

गुरवानं फासे टाकले.

लाल एक. पांढरा एक.

शेवंतीनं किंकाळी फोडली. जे कोणाच्या आठवणीत पडलं नव्हतं ते पडलं होतं, आणि पुन्हा लक्ष्याच्याच घरावर! आवडूचा चेहरा राखेसारखा झाला. "एकच जोडी म्हणजे क्वचित," ती पुटपुटली. "कधीच नाही, असं नव्हतं म्हटलं."

लक्ष्यानं धोतर खोचलं आणि तो निघाला. तेवढ्यात धाकूनं त्याचा दंड धरला. "थांब रे पोरा. काय पडलंय? दोन ना? मग देवीनं दोन माणसं मागितली आहेत. आम्ही मेले आजवर एकालाच धाडत होतो."

दोघं उतरले. लक्ष्यानं फळी रेटली आणि धाकूनं खालून चिखल भरला. पाणी त्यांच्या डोक्यावरून गेलं. असं म्हणतात, की खाडी त्या दिवशी देवळाच्या पायरीपर्यंत आली आणि दोन माणसांना एकदम पाहून थबकली. ओहोटी लागली तेव्हा दोघं बांधावर बसून खोकत होते.

आवडू धाकूला म्हणाली, "फासा बोलत नाही, धाकूबा. पण तुम्ही ऐकलंत ते बरं केलंत."

आवडू जाऊन किती पिढ्या झाल्या कोणास ठाऊक. मोरखारात आजही फासे एक लाल आणि एक पांढराच असतात, आणि उघाडीत कोणी एकटं उतरत नाही. श्रावणी अमावास्येच्या सकाळी प्रत्येक घर आपल्यापुढच्या जोड्या उचलून शेजारच्या दगडापुढं ठेवतं, म्हणजे सात कोणाच्याच घरी मुक्काम करत नाही. सहा जोड्या देणारा म्हणतो, "आवडूचं दान." घेणारा दोन्ही हातांची ओंजळ पुढं करतो. कोणी नाही म्हटल्याचं गावाला आठवत नाही.