साळूची नऊ अंडी

पुष्कळ पुष्कळ वर्षांमागची गोष्ट. कोंबड्या तेव्हा बोलत असत. माणसं ऐकत नसत, तो भाग निराळा. त्याबाबतीत आजही फारसं काही बदललेलं नाही.

चारही बाजूंनी डोंगर असलेल्या एका खोऱ्यात एक गाव होतं. गावात भाताची शेती होती आणि भाताला राखण होती ती बदकांची. बदकं पाण्यात शिरायची, गोगलगायी आणि अळ्या वेचून खायची, आणि भात निर्धास्त वाढायचा. मग एका वर्षी बदकांवर साथ आली. घराघरातली बदकं माना टाकू लागली. शेवटी साळू नावाच्या एकट्या राहणाऱ्या बाईच्या घरी एकच बदकीण उरली. तिनं नऊ अंडी घातली आणि तीही गेली.

डोंगरापलीकडे कुणी बदकं पाळत नसे. म्हणजे खोऱ्यातल्या बदकांचा सगळा वंश आता या नऊ अंड्यांत होता. पुढच्या वर्षी भात पिकणार की किडीच्या घशात जाणार, तेही त्यांच्यावरच होतं.

साळू जात्याच हट्टी. तिनं पदर खोचला आणि म्हणाली, “नऊच्या नऊ अंड्यांतून पिल्लं काढीन. एकही वाया जाऊ देणार नाही.”

तिची ठिपकी कोंबडी नेमकी खुडूक होती. साळूनं टोपलीत गवत घातलं, अंडी मांडली आणि ठिपकीला वर बसवलं. ठिपकी जिभेची तिखट, पण कामाला चोख. अंडी पोटाखाली घेऊन ती दिवसभर हलायची नाही. साळू तिला तिथंच दाणा-पाणी द्यायची आणि बदकाच्या अंड्यांना ओल लागते म्हणून त्यांच्यावर कोमट पाणी शिंपडायची.

काही दिवस गेले. एका सकाळी साळू पाहते तो एक अंडं टोपलीबाहेर पडलेलं.

“हे काय गं?” तिनं विचारलं.

“मी ढकललं,” ठिपकी म्हणाली. “त्यात कुणी नाही.”

साळूचा पारा चढला. ते अंडं सगळ्यांत मोठं, निळसर झाकेचं. बदकिणीनं मरायच्या आदल्या दिवशी घातलेलं. साळूचा सगळा जीव त्याच्यात होता.

“तुझं नाही म्हणून ढकलतेस होय? सावत्रपणा करतेस?” असं म्हणून तिनं ते अंडं परत टोपलीत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी अंडं पुन्हा बाहेर. साळूनं पुन्हा आत ठेवलं. तिसऱ्या दिवशीही तेच. शेवटी साळूनं ते टोपलीच्या अगदी मधोमध, ठिपकीच्या पोटाखाली दडपलं आणि टोपलीच्या कडेला गवताचा उंच बांध घातला.

“आता ढकल बघू!”

“मी सांगायचं काम केलं,” ठिपकी म्हणाली आणि तिनं डोळे मिटून घेतले.

मग एका दुपारी टोपलीतून फट्ट असा आवाज आला. पाठोपाठ असा वास सुटला की साळूला नाकाला पदर लावून धावत यावं लागलं. ते मोठं अंडं कुजून फुटलं होतं. त्याची घाण उरलेल्या आठही अंड्यांवर उडाली होती. ठिपकी अंग झाडत उठली.

“या घाणीत मी बसायची नाही,” ती म्हणाली आणि तरातरा अंगणात निघून गेली. साळूनं चुचकारलं, दाणे दाखवले, हातापाया पडायची तेवढी बाकी ठेवली. ठिपकी काही परतली नाही.

साळू टोपलीपाशी बसून रडू लागली. वास कुठून येतोय ते बघायला शेजारच्या म्हाळसा आत्या आल्या. आत्यांच्या हातून अख्ख्या गावाच्या कोंबड्या वाढलेल्या. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, “कोंबडी आंधळी नव्हती गं पोरी. तू अंडी उजेडाला धरून बघितलीस का कधी?”

“भीती वाटली, आत्या,” साळू म्हणाली. “एखाद्यात जीव नाही असं दिसलं असतं तर?”

“तू बघितलं नाहीस म्हणून त्यात जीव येणार होता का? ऊठ. आधी पूस ती, मग बघ.”

साळू उठली. कोमट पाण्यात भिजवलेल्या फडक्यानं तिनं एकेक अंडं हलक्या हातानं पुसलं. खोलीचं दार लावून घेतलं. खिडकीच्या फळीला एक भोक होतं, त्यातून उन्हाची तिरीप आत येत होती. साळूनं पहिलं अंडं तिथं धरलं. आत लालसर रेषा होत्या आणि एक सावली हलली. दुसऱ्यातही हललं. तिसरं मात्र पाण्यासारखं स्वच्छ, रिकामं. साळूनं ते फिरवून फिरवून पाहिलं. तिचा हात टोपलीकडे वळला होता, तो तिनं मागे घेतला आणि अंडं बाजूला ठेवलं. तसंच आणखी एक निघालं. दोन्ही तिनं स्वतःच्या हातानं परसात पुरली. उरली सहा.

“आता या सहांसाठी काय करायचं ते कर,” आत्या म्हणाल्या.

मग साळूनं जे केलं ते गावानं कधी पाहिलं नव्हतं. तिनं भाताचा तूस तव्यावर गरम केला, फडक्यात बांधला आणि टोपलीत अंड्यांच्या वर-खाली त्याच्या पोटल्या रचल्या. अंडं पापणीला लावून ती ऊब जोखायची. पापणीला चटका बसला की पोटली काढायची, गार लागलं की तूस पुन्हा तापवायची. अंडी फिरवायची, पाणी शिंपडायची. गावची जत्रा आली आणि गेली, साळू उंबऱ्याबाहेर पडली नाही.

“साळू खुडूक बसली!” लोक हसायचे.

“बसले,” साळू आतूनच सांगायची. “दाणे टाका नाहीतर वाटेला लागा.”

कोंबडीची पिल्लं बाहेर येतात तेवढे दिवस भरले. टोपलीत हालचाल नाही. लोक म्हणाले, “संपलं. फेकून दे.” साळूनं अंडी पुन्हा तिरिपेला धरली. पाचांत सावल्या हलत होत्या. सहाव्यात, जिथं मागे तिनं स्वतः जीव हललेला पाहिला होता, तिथं आता सगळं थिजलं होतं. त्या फुटलेल्या अंड्याची घाण त्यालाच सगळ्यांत जास्त लागली होती. हे आपल्या हट्टानं गेलं, हे साळूला कळलं. तिनं तेही पुरलं, हात धुतले आणि पुन्हा तूस तापवायला घेतला.

लोकांना ती म्हणाली, “पाच जिवंत आहेत. बदकाचं पोर कोंबडीपेक्षा आठवडाभर सावकाश येतं. तुम्हाला घाई असेल तर घरी जा.”

तो आठवडाही सरत आला. एका सकाळी एका कवचाला बारीक तडा गेला. मग दुसऱ्याला. संध्याकाळपर्यंत तीन ओली, लटपटती पिल्लं टोपलीत चिवचिवत होती. दोन अंडी शेवटपर्यंत आली, पण फुटली नाहीत; त्या कुजक्या घाणीनं आतली पिल्लं कवचातच गेली होती.

तिघांत एक नर निघाला आणि दोन माद्या. तेवढं पुरे होतं. दोन वर्षांत घराघरात बदकं झाली, भातावरची कीड हटली आणि गावात सुगी साजरी झाली. पाटलांनी सगळ्यांसमोर साळूच्या हातावर नारळ ठेवला आणि म्हणाले, “साळूच्या हट्टानं आपली बदकं वाचली!”

साळूनं मान हलवली. “हट्टानं नाही, पाटील. माझ्या हट्टानं तीन जीव गेले. उजेडाला धरून बघायला लागले, तेव्हा तीन वाचले.”

सांगायचं ते एवढंच: जिद्द जिवंत गोष्टीसाठी धरावी, मेलेलं कवटाळून बसलं, तर जे जगलं असतं तेही हातचं जातं.